शाईची बाजू

१

प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त एकाची, तिच्या कॉलेजपासूनच्या मित्राची, सर्जनची. बाकीचे पाठीमागे म्हणत. तिला दोन्हीचं काही वाटत नसे. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसणाऱ्या बाईला लोक आणखी काय नाव ठेवणार? दवाखान्यांतून माणसांच्या अंगातलं जे जे काही कापून काढलं जाई ते बाटलीत बुडून तिच्यापुढे येई, आणि ते साधं आहे की वाईट एवढं ती सांगे. बहुतेक वेळा साधंच निघे. लोक उगाच जीव टांगणीला लावून बसतात, असं तिचं ठाम मत होतं.

त्यातही कातडीखालच्या गाठी म्हणजे अगदीच गरीब प्रकरण. कातडीचा एखादा कण आत दडपला जातो, त्याची पिशवी होते, आणि आपण आत आहोत याचा त्या पिशवीला पत्ताच नसतो. ती आपलं नेहमीचं काम इमानेइतबारे करत राहते. बाहेरची कातडी कोंडा टाकते, तशी तीही टाकते. फक्त तिचा कोंडा झडून जायला जागा नसते, म्हणून तो पिशवीतच थरावर थर साठत जातो. शिकाऊ डॉक्टरांना हे सांगताना ती रबरी हातमोजा उलटा करून धरायची आणि विचारायची, "आता सांगा, या मोज्याच्या मते बाहेर कुठे?" पोरं हसायची. तीही हसायची.

तर त्या दिवशी आलेल्या एका बाटलीवर तिच्या नवऱ्याचं नाव होतं.

ती बाटली येणार हे तिला ठाऊक होतंच. नवऱ्याच्या डाव्या कानामागची ही गाठ लग्नापासून तिच्या ओळखीची होती. त्याच्या आईच्या डोक्यावर तशा बऱ्याच होत्या, मामाला होत्या, आजोबांनाही होत्या म्हणे. या गाठींचा वारसा असाच चालतो. आईबापांपैकी एकाकडून दोष आला तरी पुरतो, आणि प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडतं. नवरा लिफ्टच्या दुरुस्तीची कामं बघायचा. कामावर हेल्मेट सक्तीचं झालं, ते गाठीवर घासायला लागलं, आणि मग एकदाची ती काढायची ठरली. सर्जनने कापलं तेव्हा तिच्या शेजारी वाटाण्याएवढी दुसरी निघाली. तीही त्याने त्याच बाटलीत टाकली.

घरच्या माणसाचा तुकडा आपण तपासू नये असा शिरस्ता आहे. पण दुसरा डॉक्टर रजेवर होता आणि साध्या गाठीसाठी कोण थांबणार, म्हणून तिनेच मोठी गाठ हातात घेतली. कापण्याआधी गाठीला बाहेरून काळी शाई लावायची, ही तिची जुनी सवय. तुकडा मेणात बसवला, त्याचे पातळ काप काढले, रंगवले, की कुठली बाजू बाहेरची हे भल्याभल्यांना कळेनासं होतं. तेव्हा शाई साक्षीला उभी राहते. तिने शाई लावली, वाळू दिली, गाठ मधोमध कापली आणि पुढच्या बाटलीकडे वळली.

काच तयार होऊन आली तेव्हा तिने ती सवयीने भिंगाखाली सरकवली. गाठीची बाहेरची कड स्वच्छ होती. शाई आतल्या पोकळीत होती.

२

पहिला संशय अर्थातच मेणवाल्यावर. तुकडे मेणात बसवण्याचं काम करणारा हा गृहस्थ वर्षानुवर्षं एकाच टेबलाशी बसत असे आणि त्या टेबलावर दुसऱ्याचा हात पडलेला त्याला खपत नसे.

"तुकडा उलटा बसला का हो?" तिने शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं.

मेणवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मॅडम, गोल गाठ उलटी कशी बसवतात ते मला एकदा दाखवा. मी शिकून घेतो."

"मी आरोप करत नाहीये. विचारतेय."

"विचारा ना. पण आधी हे आठवा, कापली कुणी? सुरीबरोबर शाई ओढली गेली असेल आत."

हे पटण्यासारखं होतं आणि तिला पटलंही. ओली शाई सुरीच्या पात्याला लागते आणि नको तिथे जाऊन बसते. नवशिक्यांचं असं होतं. आपलं का व्हावं, एवढाच प्रश्न उरत होता. तिने बाटलीतली छोटी गाठ काढली. तिला शाई लावली, शाई पक्की बसावी म्हणून आम्लात बुचकळली, पुन्हा वाळवली. गाठीला सुरी लावलीच नाही. अख्खीच्या अख्खी मेणात बसवायला दिली आणि मेणवाल्याच्या खांद्याशी उभी राहिली. त्याला ते आवडलं नाही. त्याने ते न बोलता कळवलं.

काप रंगवून भिंगाखाली आले, आणि पुन्हा तेच झालं. बाहेरची कड धुतल्यासारखी स्वच्छ, आणि बंद पिशवीच्या आत सगळीकडून सारखा काळा थर, जणू कुणी आत बसून सावकाश रंगवला असावा.

मग तिने सर्जनला फोन लावला.

"काढताना पिशवी फुटली होती का रे?"

"काय बोलतेस भिंगबाई! पिशवीसकट अख्खी काढलीय. तुझ्या नवऱ्याची गाठ फोडली तर गाठ तुझ्याशी आहे, हे मला कळत नाही का?" तो स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसला. "का? वाईट आहे काही?"

"नाही. साधीच आहे."

तसंच तिने लिहून दिलं. पेशींमध्ये खोट काढायला जागा नव्हती. पण काच खोक्यात ठेवताना तिच्या मनात एक विचार येऊन गेला आणि तिला तो अजिबात आवडला नाही. शाईवर संशय कशासाठी घ्यायचा? शाई बाहेर लावली होती. शाई जिथे लावली तिथेच होती. मग आपण सगळे या पिशवीच्या भिंतीच्या कुठल्या बाजूला आहोत? असल्या विचारांना थारा दिला तर प्रयोगशाळेला कुलूपच लावावं लागेल, असं स्वतःला बजावून तिने पुढची काच उचलली.

३

घरी मात्र वेगळंच काही शिजत होतं.

एका संध्याकाळी ती बैठकीच्या खोलीत बसली होती. किल्ली फिरल्याचा आवाज आला, दार उघडलं, आणि नवरा उंबऱ्यात पाठमोरा उभा राहिला. रिकाम्या जिन्याकडे बघून तो म्हणाला, "येतो हं." मग आत येऊन त्याने दार लावलं.

"कुणाला म्हणालास?" तिने विचारलं.

"काय?"

"येतो म्हणालास. जिन्यात कोण होतं?"

"कुणी नाही." तो जरा गोंधळला. "निघताना म्हणतो ना आपण, तसंच."

"पण तू निघाला नाहीस. आलास."

"तेच ते," तो म्हणाला, आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. "थोडं पाणी मिळेल का?"

स्वतःच्या घरात 'मिळेल का' विचारणारा हा माणूस तिने याआधी पाहिला नव्हता. एरवी तो माठाशी उभा राहून घटाघटा पाणी प्यायचा आणि पेला तिथेच ठेवायचा, त्यावरून त्यांची भांडणं व्हायची. आता त्याने पेला धुऊन पालथा घातला आणि तिचे आभार मानले. नवऱ्याने आभार मानले की कुठल्याही बायकोच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. तिच्या मनात तर पालींची रांगच लागली.

त्यानंतर ती डोळ्यांत तेल घालून बघू लागली. सकाळी तो पांघरुणाची घडी घालून उशाशी ठेवी, परगावी मुक्कामाला गेलेला पाहुणा ठेवतो तशी. न्हाणीघरातून बाहेर येण्याआधी तो आतून दारावर टकटक करी, थोडा थांबे, आणि मगच कडी काढी. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आतून दार वाजवतात, तेच ऐकून ऐकून सवय लागली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ती एक दिवसही टिकली नाही.

मग तिला वाटलं, याचं बाहेर काहीतरी आहे. हा विचार इतका सरळ, इतका चारचौघांसारखा होता की तिला जवळजवळ हायसं वाटलं. रागही आला आणि रडूही. तिने त्याचा फोन चाळला, खिसे तपासले. कुठे काही नाही. धुवायला टाकलेला शर्ट नाकाशी धरून बघितला. त्याला बाहेरचा वासच नव्हता, होता तो त्यांच्याच साबणाचा, त्यांच्याच स्वयंपाकघराचा. हा माणूस दिवसभर घराबाहेर होता आणि घरात बसून आल्यासारखा त्याच्या कपड्यांना वास होता.

त्याच आठवड्यात तो जेवताना म्हणाला, "हिलाही आहे बरं का." आणि सात वर्षांच्या लेकीच्या डाव्या कानामागे त्याने बोट ठेवलं.

तिने चाचपून पाहिलं. वाटाण्याहून लहान, गोल, कातडीखाली अलगद सरकणारी. नाणं उडालं होतं आणि लेकीवर पडलं होतं. पण इतक्या लहान वयात ती सहसा येत नाही, हे तिला माहीत होतं.

"सर्जनशी बोललोय मी. रविवारी या म्हणाला," नवरा म्हणाला. "लहान आहे तोवर काढून टाकू. तिलाही सोपं जाईल."

"कुठे जायला सोपं?"

"अगं, सोपं जाईल म्हणजे दुखणार नाही."

आजवर शेकडो लोकांना तिने 'काढून टाका आणि विसरून जा' असं सांगितलं होतं. आता तिच्या तोंडून निघालं, "नाही काढायची." का, असं नवऱ्याने विचारलं. तिला एवढंच कळत होतं की या माणसाला त्या गाठीची घाई झालीय.

४

सासूबाई भेटायला आल्या तेव्हा नवरा कामावर होता. म्हातारीच्या विरळ केसांतून लहानमोठे उंचवटे दिसत. त्या कधी लपवत नसत. कंगव्याला घाट चढावा लागतो, असं म्हणून हसत.

"त्याची काढली म्हणे तुम्ही," त्या चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या.

"हो आई. साधी होती."

"साधीच असते गं. माझ्या भावाचीही साधीच होती."

"त्यांना काही त्रास झाला का नंतर?"

"छे. उलट सुधारला. शिव्या बंद, आरडाओरडा बंद. भांडी घासायचा, सगळ्यांना अहोजाहो करायचा. वहिनी खूश होती आधी." सासूबाईंनी पदराने ओठ टिपले. "फक्त सारखा निघायच्या घाईत असायचा. बसला तरी टेकल्यासारखा."

"मग?"

"मग निघाला."

"कुठे?"

"वहिनी म्हणायची, घरी गेला. आम्ही तिलाच वेडी ठरवली." त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "मला जास्त काही विचारू नकोस, सूनबाई. मी माझ्या डोक्याला आजवर कुणाला हात लावू दिला नाही, एवढंच मला माहीत. पोरीला नाही ना आली?"

"नाही," ती म्हणाली. आपण खोटं का बोललो, हे तिला स्वतःलाच कळलं नाही.

सासूबाई गेल्यावर तिने सर्जनला निरोप धाडायला फोन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. काय सांगणार? माझ्या नवऱ्याने पेला धुतला म्हणून मुलीची शस्त्रक्रिया नको? सर्जनने आयुष्यभर तिची टर उडवली असती. अजून वेळ आहे, आणि माझ्या सहीशिवाय पोरीला कोण हात लावतंय, असं म्हणून तिने तो विषय तात्पुरता मिटवला.

५

शनिवारी सकाळी तिला प्रयोगशाळेत काम होतं. नवरा म्हणाला, पोरीला चित्रकलेच्या वर्गाला मी सोडतो आणि आणतो. ती दुपारी परतली तेव्हा लेक आतल्या खोलीत दार लावून चित्रं रंगवत बसली होती. नवरा कपडे करून बैठकीच्या खोलीत उभा होता. तिची चाहूल त्याला लागली नाही, कारण ती मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून आली होती. खरं तर ती मुद्दामच तशी आली होती. आज याला रंगेहाथ पकडायचं, असं तिने येतानाच ठरवलं होतं.

ती स्वयंपाकघराच्या दाराआड थांबली. लख्ख ऊन होतं. खिडकीतून खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. नवऱ्याने खोलीवर एकदा नजर फिरवली, खुर्ची सरळ केली, आणि बाहेरच्या दारापाशी जाऊन आतून टकटक केली.

मग तो थांबला. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. शर्टाची कॉलर नीट केली.

"आले, आले," दाराबाहेरून आवाज आला. "थांब जरा, हात ओले आहेत."

तो आवाज कुणाचा, हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला. आपला स्वतःचा आवाज आपण फारसा ऐकत नाही. पण त्यातला तो त्रासिक लाडिकपणा तिचाच होता. दिवसभर वाट बघून कंटाळलेल्या बाईचा, आणि तरी बरं वाटलेल्या बाईचा.

बाहेरून कडी सरकली. त्या दाराला बाहेरून कडी नव्हती. दार वीतभर उघडलं आणि फटीतून जिन्यातला अंधार आत आला नाही, उजेड आला. दूध तापल्याचा वास आला. एक ओला हात दाराची कड धरून होता, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं, ती स्वतः घालायची तसं. तिने नकळत आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि ते पाठीमागे लपवलं.

"दमलास?" हाताच्या मागून आवाज आला.

"खूप," नवरा म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो घरच्यासारखा बोलला, चिडका, आळसावलेला, तिचा. ते ऐकून तिला भीतीच्या आधी मत्सर वाटला. "चहा टाक आधी."

दार लागलं. ती धावत गेली आणि ते उघडलं. जिना होता. विजेचे मीटर होते, शेजाऱ्यांचं चपलांचं कपाट होतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी गालिचा झटकत होतं. जिन्यावरून उतरणारी पावलं नव्हती. नवऱ्याचे बूट आतच, भिंतीशी नीट लावून ठेवलेले होते.

६

पोरीची आठवण येताच ती दारातून मागे फिरली आणि तिने सर्जनला फोन लावला. आता हसला तर हसू दे, असं तिने मनाशी ठरवलं.

"उद्याचं रद्द कर. पोरीची गाठ काढायची नाही. आज नाही, कधीच नाही."

"उद्याचं कुठलं?" सर्जन काहीतरी खात होता. "अगं, आज सकाळीच काढली ना."

"कुणी आणलं होतं तिला?"

"म्हणजे काय? तुम्ही दोघं आला होतात. उद्या कशाला, आजच उरकून टाक, म्हणून तूच मागे लागलीस."

"मी सकाळभर प्रयोगशाळेत होते."

"हो का? मग माझ्या टेबलापाशी उभं राहून 'पिशवीसकट काढ, पिशवीसकट काढ' म्हणून माझं डोकं कोण खात होतं?" तो हसला, मग जरा थांबला. "बरी आहेस ना? तशी आज तू जरा वेगळीच वाटलीस. चांगल्या अर्थाने हं. पोरीला इतकं छान सांभाळलंस. तिने हूं की चूं केलं नाही. एकच टाका घातलाय, केसांत दिसणारही नाही. तुकडा सोमवारी पाठवतो, तूच बघशील ना?"

तिने फोन ठेवला. थट्टा करतोय, ती स्वतःला म्हणाली. त्याचा स्वभावच तसा. नवऱ्याने त्याला सामील करून घेतलं असेल. माझ्या सहीशिवाय काढली म्हणून दोघे मिळून मला बनवत असतील. बनवू देत. एकदा गाठ हाताला लागली की सगळं खोटं ठरेल. डाव्या कानामागे बोट फिरवायचं, एवढंच तर काम. आयुष्यभर तिने दुसरं केलं काय होतं? नुसतं बघायचं आणि सांगायचं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. लेक केस मोकळे सोडून, कंगवा घेऊन बाहेर आली. गालाला हिरवा रंग लागला होता. ती तिच्यासमोर जमिनीवर पाठ करून बसली, मान ताठ धरून, अगदी नेहमीसारखी.

"आई, केस विंचरून देशील का?"

एरवी ती 'दे ना' म्हणे, आणि कंगवा अंगावर फेकी. पण मुलं मोठी होतात, शाळेत रीतभात शिकतात. तिने कंगवा घेतला. उजव्या बाजूने सुरुवात केली. गुंता नव्हता, तरी तिने तो काढला. भांग पाडला, मोडला, पुन्हा पाडला. उजव्या कानामागचे केस वर उचलून खाली सोडले. तिथली कातडी उबदार आणि सपाट होती, तशीच असायला हवी होती.

"आई," मान न हलवता लेक म्हणाली, "या बाजूचं झालं ना?"

"नाही," ती म्हणाली, आणि कंगवा पुन्हा वरून खाली ओढला. "अजून थोडं राहिलंय."